आधी इंच जुळवा, मग सैन्य मांडा

वॉरहॅमर ४०,००० सारखा मिनिएचरचा, म्हणजे छोट्या पुतळ्यांच्या सैन्याचा खेळ टेबलटॉप सिम्युलेटरवर, म्हणजे टेबलावरचे खेळ संगणकावर खेळायच्या प्रोग्रॅमवर नेताना बहुतेक जण आधी देखणी मॉडेल शोधत बसतात. ते नंतर. आधी माप! २,००० गुणांच्या सामन्याचं (गुण म्हणजे सैन्याची ठरवलेली किंमत) टेबल ६० बाय ४४ इंच. साध्या स्पेस मरीन सैनिकाचा बेस, म्हणजे पुतळ्याखालची गोल चकती, ३२ मिलिमीटर, म्हणजे साधारण १.२६ इंच. बेसचं माप चुकलं की दर पाळीला वाद ठरलेला, कारण अंतर बेसच्या कडेपासून मोजतात, पुतळ्याच्या तलवारीपासून नाही. पडद्यावर नजरेची रेषा तपासणं कटकटीचं, म्हणून सैनिक हलवतानाच सांगून टाका: ‘हा भिंतीआड आहे, तुझ्या तोफेला दिसत नाही.’ समोरच्यानं हो म्हटलं की विषय मिटला. आणि इमारती लॉक करायला, म्हणजे जागच्या जागी पक्क्या करायला विसरू नका. माउसच्या एका चुकीनं अख्खा किल्ला हवेत लटकतो.