टीबीच्या गोळ्या मध्येच सुटतात कुठे? या चुका टाळा

टीबीच्या गोळ्या सोडणाऱ्याला आपल्याकडे सरसकट 'बेफिकीर' म्हणून मोकळे होतात. पण गोळ्या सुटण्याच्या जागा बहुतेक ठरलेल्या असतात. खोकला थांबला की, गाव सोडलं की, नाहीतर लघवीचा रंग बदलला की.

बरं वाटलं म्हणून बंद

दोन-चार आठवड्यांत ताप उतरतो, भूक लागते, माणूस कामाला लागतो. औषधांना दाद देणाऱ्या टीबीचा कोर्स मात्र सहा महिन्यांचा. पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल, पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून बाकी तीन. भराभर वाढणारे जंतू आधी मरतात, म्हणून लवकर बरं वाटतं. सुस्त पडलेले मारायला उरलेले महिने लागतात. दोन महिन्यांनी थुंकी निगेटिव्ह आली की 'झालं एकदाचं' म्हणणारे इथेच फसतात. चार दिवस खाल्ल्या, तीन दिवस सोडल्या, हा प्रकारही तितकाच घातक, कारण त्यातून औषधाला दाद न देणारे जंतू मागे उरतात.

न सांगता तोडणीला जाणं

बीडकडच्या ऊसतोड टोळ्या दिवाळीच्या आसपास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उतरतात, मार्च-एप्रिलात परततात. म्हणजे हंगाम जवळजवळ कोर्सएवढाच. घडतं ते असं: निदान होतं पावसाळ्याच्या शेवटी आणि मुकादमाकडून घेतलेली उचल (आगाऊ पैसे) आधीच खर्च झालेली असते. 'कोयता' म्हणजे कामाला घेतलेली जोडी, ती नवरा-बायकोची मिळून, म्हणून एकाने घरी राहण्याची सोय नाही. रुग्ण असतील तेवढ्या गोळ्या घेऊन गाडीत बसतो. मुकादमाला कळलं तर काम जाईल, म्हणून पाकीट पेटीच्या तळाशी. गोळ्या संपल्यावर दवाखान्यात जायचं तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. 'या रविवारी जाऊ' करत महिना उलटतो. सलग महिनाभर खंड पडला की सरकारी नोंदीत 'उपचार सोडलेला' लागतं, आणि परतल्यावर आधी थुंकीची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणी, म्हणजे जंतू रिफाम्पिसिनला दाद देतात का ते पाहणारी यंत्रावरची चाचणी. रिफाम्पिसिन लागू पडत नाही असं निघालं, तर वेगळी आणि अंगाला जास्त जड जाणारी औषधं घ्यावी लागतात.

यावरचा उपाय गाव सोडण्याआधीच करायचा. आठवडाभर आधी आरोग्य केंद्रात कारखान्याचं नाव, तालुका आणि घरच्या माणसाचा मोबाइल नंबर द्या, मुकादमाचा नको. निक्षयवर (टीबी रुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत) नोंद तिकडे हलवली की तिथल्या सरकारी केंद्रातून त्याच गोळ्या फुकट मिळतात. निक्षयचा आयडी गोळ्यांच्या पाकिटावर मार्करने लिहा, कोपीत (तोडणीवरच्या झोपडीत) कागद टिकत नाही. अडलं तर निक्षयची हेल्पलाइन १८००-११-६६६६. डोस पहाटे तोंड धुतल्यावर, चहाच्याही आधी. मोबाइलच्या गजरावर भिस्त ठेवू नका. रात्री गाडी भरून आलेला माणूस तो बंद करून झोपतो.

केशरी लघवी पाहून घाबरणं

रिफाम्पिसिनने लघवी, घाम, अश्रू केशरी होतात. हे पहिल्याच दिवशी सांगायचं असतं. न सांगणारा कर्मचारी निम्मा दोषी. कावीळ ओळखायची ती डोळ्यांच्या पांढऱ्या भागावरून. तो पिवळा झाला, उलट्या थांबेनात, अन्न नकोसं झालं, तर सगळ्या गोळ्या थांबवून त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. नजर धूसर झाली किंवा लाल-हिरवा ओळखू येईना, तरी तसंच. नुसती मळमळ असेल तर हलकं खाऊन गोळ्या घ्या. उपाशीपोटी चांगल्या लागू पडतात हे खरं, पण उपाशीपोटीच्या हट्टापायी डोस बुडवणं हा शुद्ध वेडेपणा. हातापायाला मुंग्या आल्या तर बी-६ जीवनसत्त्वाची गोळी मागा.

बाकीच्या चुका

काल विसरला म्हणून आज दुप्पट घेऊ नका.

अ‍ॅसिडिटीच्या औषधात आणि या गोळ्यांत दोन तासांचं अंतर ठेवा.

दारू कोर्सभर बंद. 'फक्त एक' म्हणणाऱ्याच्या यकृताला हिशोब कळत नाही.

गर्भनिरोधक गोळी रिफाम्पिसिनमुळे निकामी ठरू शकते, दुसरं साधन वापरा. मधुमेहाच्या काही गोळ्यांचा जोरही कमी होतो. साखर तपासत राहा.

गोळ्यांची संख्या वजनावर ठरते: ३५ ते ४९ किलोला तीन, ५० ते ६४ किलोला चार. वजन दर महिन्याला करा, वाढलं तर दाखवा.

सरकारकडून रुग्णाला मिळणारे पोषणाचे महिन्याला १००० रुपये (नोव्हेंबर २०२४ पासून, आधी ५००) बंद पडलेल्या खात्यामुळे अडकतात. नोंदणीच्याच दिवशी पासबुक तपासा.

ताटवाटी वेगळी करू नका, त्याने काही साधत नाही. घरातल्या सगळ्यांची तपासणी मात्र करा. पाच वर्षांखालच्या मुलांना आजार नसला, तरी प्रतिबंधक औषध मागून घ्या.