दोन तांत्रिक पदव्या आणि नोकरी : या चुका टाळा

नाशिकमधल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत मेंटेनन्ससाठी मुलं निवडायला मी गेली बारा वर्षं बसतोय. दोन पदव्यांचा बायोडेटा समोर आला की अजूनही आनंद होतो. मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकल दोन्ही कळणारा माणूस प्लांटला हवाच असतो. पण तीच ती चूक पुन्हा दिसली की जीव तुटतो.

ती चूक म्हणजे पहिली पदवी विसरणं. गेल्या वर्षी सिन्नरचा एक मुलगा आला होता. आधी मेकॅनिकलची बी.ई., मग इलेक्ट्रिकलची. मी व्हीएमसीबद्दल, म्हणजे संगणकाच्या हुकमावर धातू कापणाऱ्या उभ्या मशीनबद्दल, विचारलं, "व्हीएमसीच्या झेड अक्षावर सर्व्हो ओव्हरलोड अलार्म येतोय. आधी काय बघशील?"

"ड्राइव्ह बदलून बघेन, सर."

झेड म्हणजे वर-खाली सरकणारा अक्ष, आणि त्याच्या मोटरवर जादा भार आल्याची ती सूचना. ड्राइव्ह म्हणजे त्या मोटरला वीज देणारा नियंत्रक. एवढा महागडा ड्राइव्ह, आणि सुरुवातच तिथून! बॉलस्क्रूला (मोटर फिरली की अक्ष सरकवणारा स्क्रू) तेल पोचतंय का, गाइडवे (अक्ष ज्यावर सरकतो ती पट्टी) अडकतोय का, मोटरचा ब्रेक सुटतोय का, काहीच नाही.

"अरे, मेकॅनिकलही केलंयस ना?"

"ते आता आठवत नाही, सर."

दोन पदव्यांचं चीज व्हायचं ते नेमकं इथेच. माझी पद्धत अशी : अक्षाला खालून भक्कम आधार द्यायचा, कारण मोटर सोडवली की तो खाली येतो. मग मोटर बॉलस्क्रूपासून सोडवून मोकळी फिरवायची. लोड उतरला तर दोष यांत्रिक बाजूचा. नाही उतरला तर ब्रेक, केबल, मोटर बघायची आणि ड्राइव्ह सगळ्यांत शेवटी. मुलाखतीआधी पहिल्या पदवीची पाच प्रॅक्टिकलं वहीत पुन्हा लिहून काढा. नवीन मशीन येणार असलं की मी आजही तेच करतो.

नोकरी मिळेना म्हणून लगेच दुसरी पदवी धरू नका. फ्रेशर भरतीत पुष्कळ कंपन्या उत्तीर्ण झाल्याचं वर्ष बघतात. सातपूरच्या छोट्या शॉपमध्ये सहा महिने पॅनेल वायरिंग केलेला मुलगा मी आधी घेतो.

घाईची वाट तर धरूच नका. एप्रिल २०२२ मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, एकाच वेळी दोन पदव्या करायची मुभा दिली, पण दोन्हीकडचे वर्ग प्रत्यक्ष असतील तर वेळा एकमेकांवर येता कामा नयेत, ही अट कोणी वाचत नाही. अभियांत्रिकीची पदवी दूरशिक्षणाने घ्यायचा विचार तर सोडूनच द्या. काही अभिमत विद्यापीठांनी मंजुरीशिवाय दिलेल्या अशा पदव्यांना सर्वोच्च न्यायालयाने ३ नोव्हेंबर २०१७ रोजी चाप लावला, तेव्हा पोळले ते विद्यार्थीच. फी भरण्याआधी एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद) मान्यता स्वतः तपासा.

दोन पदव्या म्हणून दुप्पट पगार मागू नका. एक पदवी लपवूही नका, मधली वर्षं कुठे गेली हा प्रश्न येतोच. आणि दोन्ही शाखा जिथे एकत्र आल्या तो प्रोजेक्ट बायोडेटाच्या तळाशी टाकू नका. पहिल्या पानाच्या वरच्या अर्ध्यात घ्या, मी आधी तोच वाचतो.