टाचदुखी आणि साडेचार हजारांचे इनसोल

सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की टाचेत खिळा घुसल्यासारखं व्हायचं. दहा-बारा पावलं चाललं की जरा कमी. डॉक्टर म्हणाले, प्लँटर फॅसायटिस, म्हणजे टाचेपासून बोटांकडे जाणाऱ्या तळव्याच्या जाड पट्ट्याचं दुखणं. पायाचा साचा देऊन साडेचार हजारांचे इनसोल, म्हणजे बुटात घालायचे आधाराचे तळवे, बनवून घेतले. थोडा फरक पडला, पण घरात मी अनवाणी आणि इनसोल बुटात! शेवटी फरशीवर मऊ चप्पल घातली, पायरीवर टाच खाली सोडून रोज पोटऱ्या ताणल्या, तेव्हा कुठे तीन महिन्यांत खिळा निघाला.

नंतर वाचलं, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, १३५ रुग्णांवरच्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत मापाचे आणि तयार इनसोल जवळपास सारखेच ठरले होते. वर्षाअखेर तर तुलनेसाठी नुसते नावापुरते इनसोल दिलेले रुग्णही तितकेच बरे! आधी कळतं तर दुकानातले तयारच घेतले असते.