अपडेट करताना सिस्टीम फाईल्स हाताने बदलताय? या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक आधी सांगतो कारण ती मी स्वतः केलीये. लिनक्सवर लिबसी, म्हणजे जवळपास सगळे प्रोग्राम्स वापरतात ती सामायिक (शेअर्ड) लायब्ररी फाईल, बदलायची होती, म्हटलं जुनी फाईल दुसऱ्या फोल्डरमध्ये सरकवू आणि मग नवीन तिथे ठेवू, साधं तर काम आहे. एमव्ही (फाईल हलवायची किंवा तिचं नाव बदलायची कमांड) मारलं, जुनी गेली, आणि पुढच्याच कमांडला एरर की शेअर्ड लायब्ररी सापडत नाही. फाईल्सची यादी दाखवणारं एलएस नाही, कॉपी करणारं सीपी नाही, फाईल परत आणायला एमव्ही पण नाही, कारण या सगळ्यांना चालायला तीच फाईल लागते ना! उघडा असलेला शेल, म्हणजे कमांड टाकायची विंडो, तेवढा जिवंत होता. शेवटी लोडरला (प्रोग्रामला त्याच्या लायब्ररी जोडून देणारा छोटा प्रोग्राम) पूर्ण पाथने थेट चालवलं, त्याच्या लायब्ररी-पाथ ऑप्शनमध्ये जुन्या फाईलचं फोल्डर दिलं आणि त्याच्यामार्फत एमव्ही चालवून फाईल जागेवर आणली. घाम फुटला होता अक्षरशः.

मग जुनीवरच सीपी करायचं का? अजिबात नको. सीपी तीच फाईल रिकामी करून तिच्यात नवीन मजकूर भरतं, आणि चालू प्रोग्राम्स नेमकी तीच फाईल मेमरीत मॅप करून बसलेले असतात, त्यांच्या पायाखालची जमीनच जाते आणि ते धडाधड क्रॅश होतात. चालू प्रोग्रामच्या फाईलवर लिहायला गेलं तर कर्नल (सिस्टीमचा गाभा) 'टेक्स्ट फाईल बिझी' म्हणून अडवतो, लायब्ररीला तसं कोणी अडवत नाही.

बरोबर पद्धत अशी, नवीन फाईल त्याच फोल्डरमध्ये वेगळ्या नावाने ठेवा, परमिशन बघा, सिंक मारा (म्हणजे सगळं खरंच डिस्कवर लिहिलं जाईल), आणि मग एकाच एमव्हीने खऱ्या नावावर आणा. नाव एका झटक्यात बदलतं, मधे फाईल गायब असा क्षणच येत नाही, आणि चालू प्रोग्राम्सकडे जुनी कॉपी तशीच राहते. फक्त टेंपमधून (तात्पुरत्या फाईल्सचं फोल्डर) एमव्ही करू नका, ते बऱ्याचदा वेगळं फाईलसिस्टीम असतं आणि मग एमव्ही आतून कॉपीच करतं, म्हणजे मधे फाईल गायब किंवा अर्धवट असण्याचा धोका पुन्हा आलाच.

कर्नल अपडेटच्या आधी बूट पार्टिशनमध्ये जागा आहे ना बघा, भरलेलं असेल तर इनिटरॅमएफएस (मशीन सुरू होताना आधी लोड होणारी फाईल) अर्धवट लिहिलं जाऊ शकतं आणि मग नव्या कर्नलवर मशीन चालूच होत नाही. चालणारा जुना कर्नल लगेच उडवू नका.

आणि हे सगळं करताना एक जास्तीची रूट (सगळे अधिकार असलेल्या यूजरची) विंडो उघडीच ठेवा. काम झालं की नवीन विंडोतून लॉगिन करून बघा, झालं तरच ती जुनी बंद करा.