नवी मोटारसायकल घेताय? आधी स्पेअर पार्टच्या दुकानात जा

मी चिपळूणला मोटारसायकलचं गॅरेज चालवतो. गणपती आले, दसरा आला की दिवसभर एकच प्रश्न कानावर येतो, "मेस्त्री, कुठली गाडी घेऊ?" बिनखोडीची गाडी अजून कुठल्याच कंपनीने काढलेली नाही. जिची खोड आधीपासून माहीत आहे आणि जिचा इलाज आपल्या तालुक्यात होतो, ती गाडी घ्यावी.

खोड कळणार कुठून? शोरूममध्ये कोणी सांगणार नाही. मोबाइलवर व्हिडिओ टाकणारे गाडी चार दिवस फिरवून परत देतात, त्यांना ती कळायची नाही. त्यापेक्षा दुपारी गर्दी नसताना स्पेअर पार्टच्या दुकानात जा आणि विचारा, "या मॉडेलचं काय जास्त खपतं?" चेन किट आणि ब्रेक शू सगळ्यांचेच खपतात, ते सोडून द्या. पण दोन-तीन वर्षांपूर्वी आलेल्या मॉडेलचा कोनसेट (हँडलच्या नळीतली बेअरिंग) किंवा साइड स्टँडचा स्विच दुकानदाराने न शोधता काउंटरखालून काढून दिला, तर तीच तिची खोड. मग दुसरा प्रश्न विचारा, आणि माझ्या मते तो जास्त महत्त्वाचा: "काय मिळत नाही?" खपणारा भाग मिळतो तरी. डिजिटल मीटर किंवा एलईडी हेडलाइटचं पूर्ण युनिट मागवून यायला पंधरा दिवस लागत असतील, तर तेवढे दिवस गाडी माझ्याकडे पडून आणि तुम्ही एसटीत.

बाजारात नुकतंच आलेलं मॉडेल असेल तर वर्षभर थांबा. पहिल्या खेपेतल्या गाड्यांत काय निघेल ते कंपनीलाही गाड्या रस्त्यावर आल्यावरच कळतं. २०२१ च्या मे महिन्यात रॉयल एनफील्डने इग्निशन कॉइलमधल्या दोषासाठी २ लाख ३६ हजारांहून जास्त गाड्या परत बोलावल्या. त्यात मीटिओर, क्लासिक आणि बुलेट होत्या. डिसेंबर २०२३ मध्ये होंडाने सीबी ३५० च्या काही गाड्या मागच्या ब्रेकलाइटच्या स्विचसाठी बोलावल्या. त्यावरून कंपनी वाईट ठरत नाही. चूक मान्य करून तपासणी करून देणारी कंपनी मला तरी बरी वाटते. गाडी हातात आल्यावर कंपनीच्या संकेतस्थळावर चासी नंबर टाकून रिकॉल आहे का ते बघा आणि वर्षातून एकदा पुन्हा बघत जा.

किमतीचं एकच सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाडीवर जीएसटी १८ टक्के आहे आणि त्याच्या वर ४० टक्के. दोन्हींच्या मधे मन अडकलं असेल तर हा फरक धरून हिशेब करा. कोटेशनमध्ये प्रत्येक रकमेसमोर ती कशाची आहे ते लिहून घ्या. विम्यात थर्ड पार्टी पाच वर्षांची घ्यावीच लागते, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा एका वर्षाचाही चालतो. हेल्मेट गाडीबरोबर द्यावं असा नियम आहे, ते विसरू नका.

आता मुहूर्त. दसऱ्याला शोरूममध्ये हार, पेढे, फोटो आणि बाहेर रांग. त्या गडबडीत पोरं गाडी पुसून बाहेर काढतात, तपासायला सवड कोणाला असते? पूजा दसऱ्यालाच करा, पण गाडी आदल्या दिवशी दिवसाउजेडी बघून या, आणि पैसे पूर्ण भरायच्या आधी. चासी नंबर फ्रेमवरचा आणि कागदावरचा ताडून बघा. सेल सर्टिफिकेटवर, म्हणजे फॉर्म २१ वर, गाडी कुठल्या महिन्यात बनली ते लिहिलेलं असतं. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात: २३२५ असेल तर २०२५ चा तेविसावा आठवडा. गाडी सहा-आठ महिने उभी असेल तर मी बॅटरीवर संशय घेतो. मीटर लावून बघायला सांगा. गाडी बंद असताना १२.४ व्होल्टच्या खाली असेल तर चार्ज करून पुन्हा दाखवा म्हणावं, आणि चालू केल्यावर चौदाच्या आसपास जायला हवं. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांना किक नाही. बॅटरी बसली की फ्युएल पंप दाब धरत नाही, मग ढकलूनही उपयोग होत नाही. इंजिन थंड असताना स्वतः स्टार्ट करा. आधीच गरम करून ठेवलेलं असेल तर हात लावून कळतं. सायलेन्सरच्या बेंड पाइपच्या मागच्या बाजूला, टाकीच्या खालच्या जोडावर आणि साइड स्टँडच्या स्प्रिंगजवळ गंज बघा. चिपळूणकरांनी आणखी एक विचारावं, गोडाऊन कुठे आहे? २०२१ च्या जुलैत वाशिष्ठी नदीच्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते सगळ्यांना आठवतं.

गाडी घरी आली. नव्या गाडीत पेट्रोल, ऑइल सगळं असतं, फक्त ग्रीस पुरेसं नसतं. कारखान्यात बेताचं लावलेलं असतं, आणि आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. माझ्याकडे वॉरंटीतल्या ज्या गाड्या येतात, त्यातल्या निम्म्या रडगाण्यांचं मूळ हेच असतं.

सगळ्यात आधी जातो तो कोनसेट. हँडलच्या नळीत वर आणि खाली बेअरिंगच्या गोळ्या असतात. आपण बहुतेक वेळ सरळ चालवतो, त्यामुळे खड्ड्याचा प्रत्येक दणका गोळ्यांना त्याच जागी बसतो. परशुराम घाट उतरताना पुढचा ब्रेक दाबलेला असतो तेव्हा तर सगळा भार तिथेच. ग्रीस सुकलेलं असलं की वाटीत बारीक खाचा पडतात. घरी तपासता येतं. गाडी डबल स्टँडवर लावा, कोणाला तरी मागे बसवून पुढचं चाक अधांतरी करा आणि हँडल एका बोटाने डावीकडून उजवीकडे न्या. मधोमध आल्यावर हलकेच टक करून थांबलं, तर खाच पडलीय. आवळून ती जात नाही, सेट बदलावाच लागतो. मग पुढचे शॉकअप खालून धरून पुढेमागे हलवा. कटकट लागली तर नुसता ढिला आहे, वेळेत आवळला तर वाचतो. दुसऱ्या सर्व्हिसला कोनसेट उघडून ग्रीस भरायला सांगा. मजुरी लागेल, ती द्या. बदलायची वेळ आली आणि तुमच्या मॉडेलला मिळत असेल, तर गोळ्यांऐवजी टेपर रोलरचा, म्हणजे निमुळत्या रुळांचा, टाका.

त्याच दिवशी मागचा फोर्क बुशही, म्हणजे मागचं चाक धरणारा फोर्क ज्यावर हलतो तो बुश, उघडून घ्या. त्यातला लांब बोल्ट दोन पावसाळे कोरडा राहिला की गंजून आतच धरतो, मग मी घण घेतो आणि तुम्ही तोंड फिरवता. वॉशिंग सेंटरवाल्याला प्रेशरचा पाइप हँडलखाली, चाकाच्या एक्सलवर आणि साइड स्टँडच्या स्विचवर मारू देऊ नका. त्या स्विचमध्ये चिखल बसला की स्टँड वर असूनही गाडीला तो खाली वाटतो, आणि गिअर टाकला की इंजिन बंद. लोक प्लग बदलतात, पेट्रोलला शिव्या देतात. आधी स्विच साफ करून बघा.

दुसरी जागा फार कमी लोकांना माहीत आहे. पेट्रोलच्या झाकणाभोवती खोबण असते आणि तिच्यात एक बारीक भोक. पावसाचं पाणी त्या भोकातून नळीने इंजिनखाली जातं. धुळीने ते बुजलं की पाणी झाकणाभोवती साचतं आणि टाकीत उतरतं. पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून तळाला बसतात. पंप ओढतो तळाचंच. त्यामुळे मे संपायच्या आधी, इंजिन थंड असताना झाकण उघडा, टाकीच्या तोंडात स्वच्छ फडका घट्ट बसवा आणि सिरिंजने त्या भोकात थोडं पाणी सोडा. खाली टपकलं तर ठीक. नाही टपकलं तर मासेमारीच्या तंगुसाचा तुकडा हळूच आत घालून मोकळं करा. लोखंडी तार घालू नका, आतली नळी फाटते. आणि टाकी तळाला जाईपर्यंत गाडी चालवायची सवय सोडा. फ्युएल पंप पेट्रोलमध्ये बुडलेला असतो, पेट्रोलच त्याला थंड ठेवतं.

चेन नवी असताना लवकर ताणते. उघड्या चेनला किती ढील ठेवायची ते स्विंग आर्मवरच्या, म्हणजे त्या मागच्या फोर्कवरच्या, स्टिकरवर असतं. चाक फिरवत जिथे चेन सगळ्यात घट्ट लागते तिथेच मोजा. ओ-रिंगची चेन (कड्यांमध्ये रबरी रिंगा असलेली) असेल तर पेट्रोल आणि तारेचा ब्रश लावू नका, फडका आणि रॉकेल किंवा चेन क्लीनर पुरे. मग गिअर ऑइल आतल्या बाजूने. आऱ्यांची चाकं असतील तर पहिल्या सर्व्हिसला आरे वाजवून बघायला सांगा. ढिला आरा वेगळा, बसका वाजतो. पुढच्या शॉकअपच्या पाइपवरचा चिखल वाळायच्या आत पुसलात तर ऑइल सील जास्त टिकते.

पहिली सर्व्हिस दिवस किंवा किलोमीटर, जे आधी होईल त्याला. चुकवली तर वॉरंटीला तेच कारण दाखवतात. त्या ऑइलमध्ये नव्या इंजिनचा धातूचा चुरा असतो, म्हणून ते बदललं की नाही हे उभं राहून बघा. जॉबकार्डवर "जनरल चेकअप" लिहू देऊ नका. "डावीकडे वळताना हँडल अडकतं" असं तुमच्या शब्दांत लिहून घ्या आणि प्रत जपून ठेवा. वॉरंटी संपायच्या महिनाभर आधी कोनसेट, शॉकअपच्या सील आणि बॅटरी पुन्हा एकदा तपासून घ्या, आणि जे निघेल ते त्याच दिवशी जॉबकार्डवर चढवा.