म्हाताऱ्या कुत्र्याला निरोप देताना या चुका टाळा

घरात बारा-तेरा वर्षं वावरलेला कुत्रा थकला की घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं, "बघू, जसं होईल तसं." पुढच्या बहुतेक चुका या वाक्यातूनच सुरू होतात. मरण टाळणं आपल्या हातात नसलं तरी तयारी करणं हातात असतं, आणि ती कुत्रा अजून दोन घास खातोय, दारापर्यंत चालत येतोय तेव्हाच करायची असते. मध्यरात्री तो धापा टाकतोय, डॉक्टरांचा फोन लागत नाही आणि घरातली माणसं एकमेकांवर चिडलीयत, अशा वेळी घेतलेला निर्णय पुढे कित्येक वर्षं सलत राहतो.

ओरडत नाही म्हणजे दुखत नाही, असं समजणं

जुनाट दुखणं असलेला कुत्रा सहसा केकाटत नाही. तो गप्प होतो. बसायच्या आधी दोन-तीनदा गोल फिरतो, उठताना पुढच्या पायांवर सगळा भार घेतो, सोफ्यावर चढणं सोडतो, एकच सांधा चाटत राहतो, पंख्याखाली पडूनही धापा टाकतो. रात्री घरभर येरझाऱ्या घालतो. "वय झालंय, चालायचंच" म्हणून आपण हे सोडून देतो. लॅब्रेडॉर आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याचा त्रास इतका आढळतो की नुसत्या चालीतला बदलसुद्धा डॉक्टरांना दाखवायला हवा. आणि शेपूट हलवण्यावरून अंदाज बांधू नका. आपलं माणूस दिसलं की दुखत असतानाही कुत्रा शेपूट हलवतो.

रात्री येरझाऱ्या घालणारा, भिंतीकडे टक लावून उभा राहणारा किंवा कोपऱ्यात शिरल्यावर बाहेर कसं यायचं तेच न कळणारा कुत्रा कदाचित दुखण्यापेक्षा विसरभोळेपणाने त्रासलेला असेल. म्हातारपणी कुत्र्यांच्याही मेंदूची झीज होते आणि त्यावर थोडेफार उपचार आहेत, म्हणून हेही डॉक्टरांना सांगा.

घरी करण्यासारखी एक सोपी तपासणी आहे. तो गाढ झोपलेला असताना मिनिटभर छाती किती वेळा वरखाली होते ते मोजा. तीसपेक्षा जास्त श्वास वारंवार भरत असतील तर हृदयाचा किंवा फुप्फुसांचा त्रास वाढत असू शकतो. त्याच दिवशी फोन करा. हिरड्या पांढऱ्याफटक किंवा निळसर दिसल्या तर फोनवर वेळ घालवू नका, थेट दवाखाना गाठा.

आपल्या डब्यातली गोळी त्याला देणं

त्याचे हाल बघवत नाहीत म्हणून हे केलं जातं आणि त्यानेच त्याचे हाल वाढतात. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकमुळे कुत्र्याच्या पोटात व्रण होऊन रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं निकामी होतात. अंदाजाने दिलेली पॅरासिटामॉल यकृतावर येते. कॉम्बिफ्लॅममध्ये तर आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही असतात. कुत्र्यांसाठीची मेलॉक्सिकॅमसारखी औषधं वजनावर मोजून दिली जातात आणि ती प्रेडनिसोलोनसारख्या स्टेरॉइडबरोबर चालत नाहीत. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना आधीच्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.

उलट चूकही होते. "आता काय उपयोग" म्हणत हृदयाच्या आणि लघवीच्या गोळ्या घरच्या घरी बंद केल्या जातात. त्यानंतर फुप्फुसांत पाणी साचलं तर कुत्रा गुदमरतो. एखादं औषध थांबवायचं असेल तर तेही डॉक्टरांनाच ठरवू द्या.

जबरदस्तीने भरवणं

न खाणाऱ्या जिवाला पाहणं आपल्याला सहन होत नाही, म्हणून पेज, दूध, अंड्याचा बलक असं काहीबाही सिरिंजने तोंडात ढकललं जातं. अशक्त कुत्र्याला नीट गिळता येत नाही. घास श्वासनलिकेत गेला की न्यूमोनिया होतो. कोमट केलेलं, वासाचं, मऊ खाणं नाकाजवळ धरा. हळद-मीठ न घातलेलं चिकनचं पाणी किंवा मऊ भात चालतो, कांदा-लसूण नको. त्याने मान फिरवली तर भांडं उचला.

अंथरुणाला खिळल्यावर फक्त सतरंजी बदलणं

कुत्रा उठत नाही असं झालं की खरी सेवा सुरू होते. एकाच कुशीवर पडून राहिला तर कोपर, खुबा, खांदा इथली कातडी दबून जखमा होतात. दर दोन ते चार तासांनी कूस बदला. खाली जाड फोमची गादी, तिच्यावर प्लॅस्टिक आणि वर सुती चादर घाला. लघवीने ओली राहिलेली कातडी भाजल्यासारखी होते, म्हणून शेपटीखालचे आणि पोटाचे केस कापून घ्या, कोमट पाण्याने पुसा आणि नीट कोरडं करा.

पावसाळ्यात तर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायला हवं. ओल्या केसांत किंवा छोट्याशा जखमेतही माशा अंडी घालतात आणि एखाद्या दिवसात अळ्या पडतात. जिवंतपणी अंगात अळ्या पडणं यासारखे दुसरे हाल नाहीत, आणि रोज सकाळ-संध्याकाळ कान, गुदद्वार, पायांच्या बेचक्या आणि गादीला टेकणारी कूस पाहिली तर ते टाळता येतं. गॅलरीत किंवा जिन्याखाली त्याची सोय करू नका. घरात, माणसांच्या आवाजात आणि पंख्याखाली ठेवा.

जो अजून थोडं चालतो त्याच्यासाठी गुळगुळीत टाइल्सवर रबरी मॅट अंथरा. मागचे पाय फाकून पडण्याची भीती त्याला दुखण्याइतकीच खाते. जिन्यावरून न्यायचं असेल तर पोटाखालून टॉवेलचा झोळ द्या. मोठ्या कुत्र्याला मजबूत चादरीत घालून दोघांनी उचला.

"झोपेतच जाईल" म्हणून थांबणं

सगळ्यात जास्त हाल याने होतात. शांत झोपेत गेलेला कुत्रा भाग्यवान, पण तसं क्वचित होतं. मूत्रपिंडं निकामी झाली असतील, कर्करोग पसरला असेल किंवा हृदय थकलं असेल तर बहुधा आधी मळमळ, धाप, झटके यांतून जावं लागतं, कधी कित्येक दिवस.

पण इंजेक्शन देऊन त्याला सोडवायची वेळ आली हे ओळखायचं कसं? अमेरिकेतल्या पशुवैद्यक डॉ. अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी २००४ साली यासाठी एक मोजपट्टी मांडली. वेदना, भूक, शरीरातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दहा गुण द्यायचे; त्रास जितका कमी तितके गुण जास्त. एकूण पस्तीसच्या वर असेपर्यंत त्याचं जगणं सुसह्य मानता येतं. वेदनेच्या रकान्यात श्वासाचा त्रासही धरायचा असतो. घरातल्या प्रत्येकाने वेगळे गुण द्या, मग एकत्र बसून पाहा. भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोज चांगला किंवा वाईट दिवस अशी खूणही करून ठेवा. आपली आठवण कालच्या एका बऱ्या संध्याकाळीला धरून बसते, खुणा मात्र पूर्ण महिना दाखवतात.

"मुलगा अमेरिकेहून येतोय, तोवर सलाइनवर ठेवू" हेही बऱ्याच घरांत होतं. भावना खरी आहे, पण ते दिवस कुत्र्याला काढावे लागतात. व्हिडिओ कॉल लावा, मुलाचा आवाज त्याच्या कानाशी धरा आणि थांबू नका.

इंजेक्शन देऊन सोडवणं म्हणजे पाप, असं घरातल्या वडीलधाऱ्यांना वाटत असेल तर त्यांची चेष्टा करू नये. नैसर्गिक मरणाचा मार्ग निवडता येतो, फक्त तो खरोखर निभवायला हवा. वेदना थांबवणारी औषधं, उलटीचं औषध, चोवीस तास कुणीतरी जवळ आणि बोलावल्यावर येणारा डॉक्टर, एवढी तयारी लागते. इंजेक्शनही नको आणि उपचारही नको, नुसतं पाहत बसायचं, हे मला कुठल्याही श्रद्धेच्या नावाखाली मान्य नाही. मुक्या जिवाने ते सोसावं असं कुठल्या देवाला हवं असेल?

डॉक्टरांना न विचारणं

निर्णय झाला की आधीच विचारा: घरी याल का, रविवारी कोण उपलब्ध असतं, खर्च किती, आणि मुख्य म्हणजे पूर्ण भूल देणार ना. योग्य पद्धतीत आधी गुंगीचं इंजेक्शन देतात, कुत्रा झोपला की पुढच्या पायाच्या शिरेत सुई लावतात आणि मग भुलीच्या औषधाचा मोठा डोस देतात. श्वास थांबतो, काही मिनिटांत हृदय थांबतं. पोटॅशियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम सल्फेट वापरणार असतील तर त्याआधी कुत्रा पूर्ण बेशुद्ध असलाच पाहिजे. शुद्धीत असताना ती देणं क्रूर आहे. हा प्रश्न विचारायला संकोचू नका. चांगल्या डॉक्टरांना तो खटकत नाही.

डोळे उघडे राहतात, एखादा खोल श्वास घेतल्यासारखं होतं, स्नायू थरथरतात, लघवी होते. हे माहीत नसलं की "अजून जिवंत आहे" म्हणून घरचे हादरतात. गंगाजल किंवा तुळशीपत्र द्यायचं असेल तर तोंडात ओतू नका. कापसाच्या बोळ्याने हिरड्या ओल्या करा, ठसका लागणार नाही. शक्य असेल तर जवळ थांबा, गुंगी येईपर्यंत तरी. रोज त्याला पोळीचा तुकडा देणाऱ्या मावशी, फिरवायला नेणारा मुलगा, वॉचमन काका यांनाही आदल्या दिवशी बोलावून घ्या. त्यांचंही तो कुणीतरी असतो आणि त्यांना बहुतेक वेळा नंतरच कळतं.

नंतरचं आयत्या वेळी शोधणं

मुंबईत महापालिकेने २०२३ मध्ये मालाडला पाळीव प्राण्यांसाठी गॅसवर चालणारी दहनभट्टी सुरू केली. आपल्या शहरात काय सोय आहे ते महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाला आधीच विचारा, वेळा लिहून ठेवा. गावी स्वतःच्या जमिनीत पुरणार असाल तर विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब, चार फूट तरी खोल खड्डा घ्या. नदीकाठी किंवा कचऱ्यात टाकणं कधीच नको. भुलीचं औषध मृत शरीरात टिकतं आणि ते खाणारे कावळे, घारी, कुत्रे मरू शकतात.

घरात दुसरा कुत्रा असेल तर मृतदेह नेण्याआधी त्याला एकदा हुंगू द्या. नंतर काही दिवस तो शोधत फिरेल, कमी खाईल. जेवणाच्या आणि फिरण्याच्या वेळा बदलू नका. लहान मुलांना "गावाला शेतावर सोडून आलो" असं सांगू नका, कारण ती वाट पाहत राहतात आणि प्रत्येक सुट्टीत विचारतात. तो खूप आजारी होता, बरा होणार नव्हता आणि मेला, असं साध्या शब्दांत सांगा. त्यांचे प्रश्न पुढचे काही आठवडे पुन्हा पुन्हा येतील. प्रत्येक वेळी तेच खरं उत्तर द्या.