अटेनमेंटच्या आकड्यापलीकडे: एका सीओवर पीडीसीए कसं चालवायचं

एनबीएमार्फत (अभ्यासक्रमांना मानांकन देणारं राष्ट्रीय मंडळ) भारत २०१४ साली वॉशिंग्टन कराराचा, म्हणजे अभियांत्रिकी पदव्यांचं मानांकन परस्पर मान्य करणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराचा, कायम सदस्य झाला. सीओ (कोर्स आउटकम: विषय शिकल्यावर विद्यार्थ्याला काय करता यावं), पीओ (प्रोग्राम आउटकम: तेच संपूर्ण पदवीसाठी), मॅपिंग (या दोघांची जोडणी) हे शब्द आता अभियांत्रिकीच्या प्रत्येक स्टाफरूममध्ये ऐकू येतात. सुधारणेची नोंद मात्र बहुतेक कोर्स फाइलींत एका ओळीत उरकलेली असते: 'अटेनमेंट (उद्दिष्ट गाठण्याचं प्रमाण) कमी, जादा तास घेतले.' कशासाठी घेतले, त्या तासांत काय वेगळं केलं, फरक पडला का, यातलं काहीही त्या ओळीत नसतं.

पुढची पद्धत पीडीसीएची (योजना, अंमल, तपासणी, सुधारणा हे चक्र) आणि एका सत्रात, एका विषयातल्या एकाच सीओसाठी आहे. सहाही सीओ एकदम हाती घेतले तर फक्त तक्ते भरून होतात. उदाहरणासाठी दुसऱ्या वर्षाचा स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स घेऊ.

आधी सीओ मोजता येईल असा लिहा. 'बेंडिंग मोमेंट समजेल' हे मोजता येत नाही. 'पॉइंट लोड व यूडीएल असलेल्या सिंपली सपोर्टेड बीमचे एसएफडी-बीएमडी काढून कमाल मोमेंटची किंमत आणि जागा सांगता येईल' असं लिहिलं (यूडीएल म्हणजे लांबीवर समान पसरलेला भार, एसएफडी-बीएमडी म्हणजे शिअर फोर्स आणि बेंडिंग मोमेंटचे आलेख) की प्रश्न कोणता विचारायचा आणि गुण कशाला द्यायचे, दोन्ही ठरतं.

माहिती युनिट टेस्टमधून घ्या. विद्यापीठाकडून विषयाचे एकूण गुण येतात, प्रश्नवार येत नाहीत. म्हणून अनेक ठिकाणी तोच आकडा सगळ्या सीओंना चिकटवला जातो, आणि कमकुवत सीओ त्यात लपतो. टेस्टमध्ये असा प्रश्न द्या: ६ मीटरचा बीम, डावीकडच्या ४ मीटरवर १० किलोन्यूटन प्रतिमीटर यूडीएल. डावी रिॲक्शन (आधाराचा उलट जोर) २६.६७, उजवी १३.३३ किलोन्यूटन. शिअर डाव्या टोकापासून २.६७ मीटरवर शून्य होतो आणि कमाल मोमेंट ३५.५६ किलोन्यूटन-मीटर येतो.

आता मुख्य काम. पेपर तपासतानाच शेजारी टॅली शीट ठेवा आणि प्रत्येक उत्तरातली फक्त पहिली चूक नोंदवा. पहिल्या चुकीमुळे पुढे होणाऱ्या चुका मोजल्या तर टॅली फुगते आणि दिशाभूल करते. चार-पाच रकाने पुरतात: रिॲक्शन चुकली, यूडीएलचा पॉइंट लोड करून तोच पुढे वापरला, चिन्ह चुकलं, आकडेमोड चुकली, प्रश्न सोडला. 'संकल्पना स्पष्ट नाही' असा रकाना ठेवू नका. सगळं त्यातच जाऊन पडतं.

समजा ६० पैकी ३४ उत्तरांत चूक आहे: १९ यूडीएलची, ७ रिॲक्शनची, ४ चिन्हाची, ४ आकडेमोडीची. पॅरेटो आलेख (चुका जास्तीकडून कमीकडे लावलेला) काढायचीही गरज नाही, १९ वर काम करायचं. इथे चुकीचं उत्तरच कारण सांगतं. ज्याने ५३.३३ लिहिलंय त्याने ४० किलोन्यूटनचा एक लोड २ मीटरवर ठेवून २६.६७ गुणिले २ केलंय.

असं तो का करतो? रिॲक्शन काढताना यूडीएलच्या जागी एक पॉइंट लोड धरणं बरोबरच असतं. पण फळ्यावर तीच आकृती राहते आणि बीएमडीही तिच्यावरूनच काढला जातो. त्यात डाव्या टोकापासून x = ४ मीटरला दोन्ही पद्धतींनी २६.६७ च येतं, त्यामुळे पडताळणी करणाऱ्यालाही शंका येत नाही. 'विद्यार्थी अभ्यास करत नाहीत' हे कारण शोधाच्या शेवटी आलं तर शोध अर्धवट राहिला समजा. त्यावर पुढच्या तासाला करण्यासारखं काही निघत नाही.

बदल लहान असावा. इथे २० मिनिटांचं ट्युटोरियल पुरेल: रिॲक्शन काढून झाल्या की आकृती पुसायची, बीम नव्याने काढायचा, x = १, २, ३, ४ वर छेद घेऊन मोमेंट दोन्ही पद्धतींनी काढायला लावायचा. बरोबर उत्तरं २१.६७, ३३.३३, ३५, २६.६७; चुकीच्या पद्धतीने २६.६७, ५३.३३, ४०, २६.६७. चुकीची पद्धत छेदाच्या उजवीकडचा भारही मोजते (किंवा डावीकडचा सोडून देते), हे मुलांना स्वतः दिसलं पाहिजे. सांगून फारसा उपयोग होत नाही.

दहा-बारा दिवसांनी, मधे उजळणी न घेता, एकच प्रश्न द्या: ८ मीटरचा बीम, डाव्या ६ मीटरवर १२ किलोन्यूटन प्रतिमीटर. बरोबर उत्तर ८४.३८, जुनी चूक झाली तर १३५. दुसऱ्याच दिवशी घेतली तर ती चाचणी फक्त आठवणीची होते. पहिल्या टेस्टला गैरहजर असलेल्यांना दोन्ही मोजणीतून वगळा.

दोन वर्षांची तुलना करताना मात्र जपून. ६० च्या वर्गात साधारण ६० टक्के मुलं उद्दिष्ट गाठत असतील, तर दोन बॅचमध्ये १७-१८ टक्क्यांपर्यंतचा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. म्हणजे ६० चे ६६ झाले म्हणून अभिनंदन नको आणि ५५ झाले म्हणून खुलासाही मागू नये. ६०-७०-८० टक्क्यांना १-२-३ पातळी ठेवणाऱ्या महाविद्यालयांत ६९ आणि ७० मध्ये एका पातळीचं अंतर दिसतं, शिकण्यात ते नसतं. शिवाय पेपर सोपा निघाला की अटेनमेंट आपोआप वाढतं. यावर उपाय म्हणजे दरवर्षी त्याच धाटणीचा एक प्रश्न फक्त आकडे बदलून ठेवायचा आणि तुलना त्याच्यावरच करायची.

हे सगळं विभागप्रमुखांच्या एका वाक्याने मोडू शकतं: 'हा आकडा तुमच्या अप्रेझलला जाईल.' त्या दिवसापासून टॅली गोड व्हायला लागते. गुणवत्ता-व्यवस्थापनाचे तज्ज्ञ डेमिंग यांच्या चौदा सूत्रांत भीती घालवण्याचं सूत्र आहे, ते याचसाठी. टॅली शीट शिक्षकाकडेच राहू द्या. विभागाकडे फक्त चूक, कारण, बदल आणि फेरचाचणीचा आकडा जावा.

त्याची नोंद एका पानाची असावी आणि सत्र संपायच्या आत लिहावी. तासिका तत्त्वावरचे शिक्षक पुढच्या वर्षी असतीलच असं नाही. विषय नव्याने घेणाऱ्याला पहिल्या आठवड्यात हे पान मिळालं पाहिजे. त्यात न चाललेला बदलही लिहा, नाहीतर तोच पुन्हा करून पाहिला जातो. १९ वरून चूक चार-पाचांवर आली की तिथे थांबा. त्या चार-पाच जणांशी वेगळं बसून बोला आणि वर्गासाठी पुढची चूक घ्या; या उदाहरणात ती रिॲक्शनची आहे.